दोन लगावा, बाई

डायरीत पहिला लाल शेरा आला तेव्हा मुलगा पाचवीत होता. ‘मधल्या सुट्टीत लहान मुलांचे डबे हिसकावतो. पालकांनी भेटावे.’ मी कुपवाडच्या एमआयडीसीत शिफ्टला असतो. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, शाळा गाठली आणि व्हरांड्यातच, येणाऱ्याजाणाऱ्या पोरांसमोर, बाईंना म्हणालो, "दोन लगावा बाई, माझी परवानगी आहे."

"आम्हाला हात लावता येत नाही," बाई म्हणाल्या. "घरचं वळण बघा जरा."

वळण हा शब्द मला झोंबला. बाईंना जे करता येत नव्हतं ते मी घरी गेल्यावर केलं.

नंतर शेरे बंद झाले. औषध लागू पडलं, असं मी कारखान्यात चारचौघांत सांगतही होतो. दिवाळीनंतर डायरी हाती लागली तेव्हा कळलं, शेरे येतच होते. प्रत्येकाखाली माझी सही होती, बँकेनं डोळे झाकून पैसे दिले असते इतकी हुबेहूब. मार खाऊन पोरगा एवढंच शिकला होता.

खरी गोष्ट कळली ती रिक्षावाल्या काकांकडून. महिन्याचे पैसे द्यायला गेलो तर सहज म्हणाले, "तुमचं पोरगं रोज उपाशीच जातंय की शाळेला. आठवीतली दोघं रिक्षातच त्याचा डबा संपवतात. मी रागावतो, पण गाडी चालवू का मागं बघू?" मला हे ठाऊक असणार, असंच त्यांनी धरलं होतं.

म्हणजे काकांना रिक्षा माहीत होती, बाईंना मधली सुट्टी. डबा चाटूनपुसून रिकामा येतो म्हणून त्याची आई खूश होती. मला यातलं काहीच माहीत नव्हतं आणि शिक्षा मात्र मीच ठरवत होतो.

"मला का नाही सांगितलंस?" असं विचारलं, तर म्हणाला, "तुम्ही म्हणाला असता, तुला हात नाहीत का?" खरं होतं. पूर्वी एकदा मी नेमकं तेच म्हणालो होतो.

माझ्या ‘परवानगी’बद्दल थोडं सांगतो, कारण ती देणारे बाप मला अजून भेटतात. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही, तसाच मानसिक छळही करता येत नाही. पालकाची संमती असली तर चालेल, अशी सोय त्यात नाही. मी बाईंना बेकायदा काम सांगत होतो आणि वर उपकार केल्यासारखा उभा होतो.

शेरा आला तर निकालाच्या दिवशी रांगेत उभं राहून बोलू नका. वेगळी पंधरा मिनिटं मागून घ्या, आणि तेव्हा मूल शेजारी नको. ‘काय केलं त्यानं?’ हे शेऱ्यात लिहिलेलंच असतं. कधी करतो, कुठं करतो, त्याआधी काय झालेलं असतं, हे विचारा. तुम्हाला घरी जे दिसतं तेही सांगा, अगदी डबा रिकामा येतो इतकं साधंसुद्धा. शाळेनं एकदा समज दिली असेल तर त्याच चुकीसाठी घरी दुसरा खटला नको. आणि शाळेवर राग असला तरी तो पोरासमोर काढू नका. मग दोन्हीकडे दोन गोष्टी सांगायला त्याला वेळ लागत नाही.

चूक तशीच सोडूनही चालत नाही. ज्या तिसरीतल्या मुलाचा डबा तो घ्यायचा, त्याच्यासाठी महिनाभर हिनं वेगळा डबा भरून दिला. पहिले तीन दिवस त्या पोरानं तो घेतलाच नाही. चौथ्या दिवशी शेंगदाण्याची पोळी होती, ती घेतली. काकांनी रिक्षातली जागा बदलून याला पुढं बसवलं, आणि बाईंनी आठवीतल्या त्या दोघांच्या घरच्यांना बोलावून घेतलं. त्या घरांतून काय निघालं ते माझ्या सांगण्यातलं नाही.

शाळा व्यवस्थापन समितीबद्दल तोवर मी नुसतं ऐकलं होतं. आमच्यासारख्या अनुदानित शाळेत तिचे ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. सभेत टाकी, बाकं आणि छप्पर यांवर तास गेला. शेवटी मी मधल्या सुट्टीचा विषय काढला. लहान मुलांना वर्गात बसून, बाईंच्या नजरेसमोर डबा खाऊ द्या, म्हटलं. आढेवेढे घेत का होईना, मान्य झालं.

रिक्षावाल्या काकांनाही पालकसभेला बोलवा, असंही सुचवलं होतं. ते आले नाहीत, त्या वेळी त्यांची दुसरी फेरी असते. म्हणून आता बाईच शनिवारी शाळा सुटताना फाटकापाशी जाऊन त्यांच्याशी दोन मिनिटं बोलतात.