उलट्या आट्यांची जीप

बाबांची सीजे-३बी जीप माझ्या ताब्यात आली तेव्हा तिच्या कमानी कुरकुरत होत्या. आमच्या कामठा गावात ही गाडी कधी शोभेची नव्हतीच. धानाच्या रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीपर्यंत न्यायच्या, धुऱ्यावरून उतरायचं, चिखलातून निघायचं. महिंद्राने मुंबईत विलीस जीप जोडायला घेतल्या, त्या घराण्यातली ही. इंजिनाचं सामान अजून कुठे ना कुठे सापडतं. कमानीचे बुश काढायची खास अवजारं मात्र कुणाकडे नसतात. म्हणून मी ती घरी बनवली. दोनदा वाचलो, एकदा तापाने फणफणलो.

पहिला धडा मागच्या शॅकलने, म्हणजे कमानीचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीने, दिला. या जुन्या जीपचं शॅकल इंग्रजी ‘यू’सारखं असतं. त्याच्या दोन्ही टांगांना आटे, आणि प्रत्येक टांग सहा कोनांच्या डोक्याच्या बुशमध्ये फिरते. बांधीतल्या चिखलाने सगळं जाम झालं होतं. पाना लावला, पान्यात हातपंपाचा जुना पाइप घातला आणि लोंबकळलो. बुश हलेना. आणखी जोर लावला तसं शॅकल तुटलं आणि मी पाठीवर आपटलो. शेजारचे मिस्त्रीकाका आले, चिंधीने बुशचं डोकं पुसलं आणि म्हणाले, “काहून भाऊ, हे डाव्या आट्याचं हाये. तू तर घट्ट करून राहिला होता.”

डोक्याभोवती बारीक खाच होती. खाच असली की आटे डावे. तसल्या शॅकलच्या टांगेवरही लहानसा उंचवटा असतो. चिखल आणि ग्रीसखाली दोन्ही खुणा झाकल्या होत्या. लांब पाइपाने ताकद वाढते, अक्कल वाढत नाही. म्हणून आधी तारेच्या ब्रशने घासा, खूण बघा, दोन दिवस डिझेल-ऑइल मुरू द्या आणि मग पाना लावा. गॅसने तापवायचा मोह होईल, पण कमानीच्या पट्ट्याजवळ आच नेऊ नका. पोलादाचं पाणी उतरतं, आणि तो पट्टा नंतर एखाद्या खड्ड्यात साथ सोडतो. पट्ट्याला वेल्डिंग तर नाहीच नाही.

खरी कसरत कमानीच्या पक्क्या टोकाच्या डोळ्यात, म्हणजे वळवलेल्या गोलात, दाबून बसवलेल्या बुशची. घणाने ठोकून तो निघत नाही, उलट तोंडाशी फुलतो आणि आणखी अडकतो. मी पुलर बनवायचं ठरवलं. कल्पना सोपी आहे. डोळ्याच्या एका बाजूला बुश मावेल एवढा पाइपाचा तुकडा, दुसऱ्या बाजूला डोळ्यातून जेमतेम जाईल अशी चकती, मधून लांब बोल्ट. नट फिरवला की बुश पाइपात सरकत येतो. बोल्टऐवजी मी हार्डवेअरच्या दुकानातली आट्यांची सळई घेतली. चकतीऐवजी सहा-सात वॉशर रचले. वॉशर आधी बशीसारखे वाकले. तरी मी फिरवतच राहिलो. मग सळईचे आटे सोलले गेले आणि नट, वॉशर माझ्या कानाजवळून जाऊन छपराला लागले. कवेलू फुटलं. बुश जागचा हलला नव्हता.

त्या सळईवर एकही आकडा नव्हता. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असतं. पहिल्या आकड्यावरून ताकद कळते: ८.८ म्हणजे एका चौरस मिलिमीटरला साधारण ८० किलोची ओढ. मऊ लोखंडाची साधी सळई त्याच्या निम्म्यावरच हात टेकते. ताणलेल्या सळईत किती जोर साठलेला असतो, हे ती तुटेपर्यंत दिसत नाही.

दुसऱ्या पुलरसाठी १०.९ चा बोल्ट आणि त्याच दर्जाचा लांब नट घेतला. जाड चकती गोंदियातल्या लेथवाल्याकडून कापून घेतली. जुन्या बेअरिंगची रिंग चकती म्हणून वापरू नका. ती कडक असते, वाकत नाही, फुटून उडते. आट्यांना ग्रीस लावलं, पुलरवर ओलं पोतं टाकलं, आणि बोल्टच्या रेषेत उभं न राहता बाजूला राहिलो. आधी हॅक्सॉच्या पात्याने बुशच्या कवचाला आतून एक चीर दिली होती. ही चीर डोळ्याच्या पोलादाला लागता कामा नये, नाहीतर तडा तिथूनच सुरू होईल. पंधरा मिनिटांत बुश बाहेर.

पण या दोन पुलरांच्या मध्ये एक रात्र गेली. पाइपाला पकड यावी म्हणून मी कान वेल्ड केले होते, आणि पाइप होता जस्ताचा मुलामा दिलेला. बंद पडवीत पांढरा धूर कोंडला. रात्री हुडहुडी भरून ताप आला, तोंडाला धातूची चव. आमच्या भागात थंडी-ताप म्हटलं की आधी मलेरियाच आठवतो. रक्त तपासलं, काही निघालं नाही. डॉक्टरांनी दिवसभर काय केलं ते विचारलं, तेव्हा उलगडा झाला: ताप जस्ताच्या धुराचा होता. ताप दुसऱ्या दिवशी उतरला. आता मी काळा पाइपच घेतो, आणि वेल्डिंग अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून.

कमान उघडायची वेळ आली तेव्हा मात्र शहाणपण वापरलं. मधला बोल्ट सोडताच पट्टे उसळतात, म्हणून दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प आवळले आणि आळीपाळीने थोडे थोडे सैल केले. जोडताना आधी लांब, मजबूत बोल्ट घालून पट्टे जवळ आणले. यू-बोल्ट नवेच घेतले. जुने ताणलेले असतात. गाडी चेसिसखाली सागाच्या ठोकळ्यांवर, शिवाय काढलेलं चाक आडवं करून खाली सरकवलेलं. विटा नाहीत. आमच्याकडे विटांवर ट्रॉली ठेवायची रीत आहे, आणि विटा फुटताना आधी सांगत नाहीत.

पुढच्या डाव्या कमानीचं काम बाकी आहे. त्या बुशवर पिवळ्या रंगाने बाण काढलाय, सोडताना कोणत्या बाजूला फिरवायचं त्याचा. रोवणी उरकली की बघू.