निदान होत नाही तेव्हा : जोडीदाराने काय करावे?

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाचे आकडे, वर्षभरात झालेल्या शस्त्रक्रिया आणि लाभलेल्या देणग्या यांचा तपशील असतो. ज्या रुग्णाच्या आजाराला अद्याप नावच मिळालेले नाही, तो मात्र यांपैकी कोणत्याही रकान्यात नीटसा बसत नाही. असे रुग्ण बाह्यरुग्ण विभागात आम्हांला नित्य भेटतात. त्यांच्यासोबत बहुधा पती किंवा पत्नी असते. हातात तपासण्यांच्या कागदांनी फुगलेली पिशवी असते आणि ओठांवर एकच प्रश्न असतो : “डॉक्टर, झालंय तरी काय?” या प्रश्नाचे उत्तर लवकर मिळत नसेल, तर जोडीदाराने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट नाव-गाव न देता सांगतो. दुभती जनावरे पाळणारे एक शेतकरी गृहस्थ पत्नीला घेऊन आमच्याकडे आले. बाईंना अडीच महिने संध्याकाळी ताप भरत असे, पहाटे घामाने अंथरूण भिजत असे आणि कंबर इतकी दुखे की बसल्या जागेवरून उठणे कठीण व्हावे. सकाळी डॉक्टरांपुढे बसताना मात्र ताप नसे. एके ठिकाणी विषमज्वर समजून दोनदा प्रतिजैविके दिली गेली. दुसरीकडे कंबरेला पट्टा मिळाला. तिसरीकडे ‘मनावर घेऊ नका’ असा सल्ला मिळाला, तर आणखी एके ठिकाणी क्षयाची औषधे सुरू करून पाहण्याचा विचार झाला. तपासण्यांच्या खर्चापायी एक म्हैस विकावी लागली. घरातही ‘कामाचा कंटाळा’ अशी कुजबुज सुरू झाली होती. आमच्या डॉक्टरांनाही पहिल्या दोन भेटींत निदान करता आले नाही, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

दिवसातून चार वेळा ताप मोजून लिहून आणा, असे आम्ही त्यांना सांगितले होते. त्या गृहस्थांनी डेअरीच्या दुधाच्या वहीची मागची कोरी पाने त्यासाठी वापरली. तिसऱ्या भेटीत डॉक्टरांनी ती पाने वाचली आणि सहज वहीची पुढची पानेही चाळली. आषाढात दुधाचा आकडा एकाएकी निम्म्यावर आलेला दिसला.

“हे दूध का घटलं?”

“गाय गाभडली होती, साहेब. सहाव्या महिन्यात.”

“वार कोणी काढली?”

“हिनंच. हातानं.”

बाईंना ताप सुरू झाला तो त्यानंतर तीन आठवड्यांनी. ही घटना आजाराशी संबंधित असेल, असे त्या दोघांनाही वाटले नव्हते आणि तोपर्यंत कोणी विचारलेही नव्हते. रक्ताच्या विशिष्ट तपासणीत ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला होणारा जंतुसंसर्ग असल्याचे स्पष्ट झाले. कंबरेच्या मणक्यापर्यंत तो पोचला होता. तीन महिन्यांच्या औषधोपचारांनंतर बाई पुन्हा उभ्या राहिल्या. आणखी उशीर झाला असता, तर मणक्याला कायमची इजा होण्याचा धोका होता.

उत्तर घरातच असते तेव्हा

या रोगाचा इतिहासही हेच सांगतो. माल्टा बेटावरील ब्रिटिश सैनिकांना दीर्घकाळ रेंगाळणारा ताप येत असे. डेव्हिड ब्रुस यांनी १८८७ साली त्याचे जंतू वेगळे करून दाखवले. परंतु ते सैनिकांच्या शरीरात येतात कोठून, हे कळायला १९०५ साल उजाडले. थेमिस्टोक्लीस झामिट यांना हे जंतू तेथील निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात आढळले. १९०६ साली सैनिकांच्या आहारातून शेळीचे कच्चे दूध बंद होताच त्यांच्यातील रोगाचे प्रमाण झपाट्याने घटले. जंतू सापडल्यावरही दुधाच्या पेल्याकडे लक्ष जाण्यास जवळजवळ अठरा वर्षे लागली.

१९६१ साली पीटर्सडॉर्फ आणि बीसन या अमेरिकन डॉक्टरांनी कारण न उमगलेल्या तापाच्या शंभर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला, वेळोवेळी १०१ अंश फॅरेनहाइटच्या वर जाणारा आणि रुग्णालयात आठवडाभर तपासूनही कारण न सापडलेला ताप, अशी व्याख्या त्यांनी केली. अशा रुग्णांत बहुधा एखादा दुर्मीळ रोग नसून परिचित रोगच अपरिचित रूपात आलेला असतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्याकडे फुप्फुसाबाहेरचा क्षय हे याचे ठळक उदाहरण होय.

जोडीदाराने लक्षात ठेवावे असे काही

१. नोंद ठेवावी. ताप, वेदना, वजन, भूक व झोप यांची तारीखवार नोंद करावी. ‘कधीकधी ताप येतो’ या वाक्यापेक्षा ‘सोमवारी सायंकाळी सहा वाजता १०२’ ही नोंद डॉक्टरांना अधिक उपयोगी पडते. पुरळ किंवा सूज दिसताच मोबाईलवर छायाचित्र काढून ठेवावे.

२. आजारापूर्वीचे दोन-तीन महिने आठवावेत. प्रवास, जनावरांशी संपर्क, कच्चे दूध, शेतात झालेली जखम, नवे औषध, घरातील इतरांचे आजारपण यांपैकी काहीही क्षुल्लक समजू नये. काढे, भस्मे किंवा दुकानातून आणलेल्या गोळ्याही लपवू नयेत.

३. कागद तारखेनुसार लावावेत. पहिल्या पानावर आजाराचा क्रम थोडक्यात लिहावा. रुग्णाने मागणी केल्यास उपचारांची कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांत नमूद आहे. ती मागताना संकोच बाळगू नये.

४. परस्पर प्रतिजैविके देऊ नयेत. त्यांमुळे रक्तातील जंतू तपासणीत सापडण्याची शक्यता कमी होते. क्षयाची काही औषधे ब्रुसेलोसिसच्या जंतूंवरही परिणाम करतात. त्यामुळे तात्पुरता उतार पडतो आणि खरे निदान आणखी दूर जाते.

५. नेमके प्रश्न विचारावेत. “आणखी कोणकोणत्या शक्यता आहेत?”, “कोणती लक्षणे या निदानाशी जुळत नाहीत?”, “ही तपासणी केल्याने उपचारांत काय फरक पडेल?”, “कोणते लक्षण दिसले तर तत्काळ यावे?” या प्रश्नांनी चांगल्या डॉक्टरांचा अवमान होत नाही, उलट विचाराला दिशा मिळते.

६. रुग्णाला स्वतः बोलू द्यावे. प्रेमापोटी जोडीदार पुष्कळदा रुग्णाच्या वतीने उत्तरे देतो. काही गोष्टी पती किंवा पत्नीसमोरही सांगता येत नाहीत. थोडा वेळ आपणहून बाहेर थांबणे हीदेखील मदतच असते.

७. दुसरे मत जरूर घ्यावे. पण जुन्या कागदांसह घ्यावे. दर वेळी कोऱ्या पाटीने नवे दार ठोठावले, तर त्याच तपासण्या पुन्हा होतात. एका डॉक्टरांच्या हाती सर्व सूत्रे असावीत आणि इतर तज्ज्ञांचे अभिप्राय त्यांच्याकडे जमा व्हावेत.

‘तपासण्या निर्दोष आहेत’ याचा अर्थ ‘आजार नाही’ असा होत नाही. केलेल्या तपासण्यांत दोष आढळला नाही, एवढाच त्याचा अर्थ होय. मानसिक ताणाने शारीरिक त्रास होतो हे खरे. परंतु ते निदानही पुरेशा तपासाअंतीच व्हावे. आजार सिद्ध होत नाही म्हणून घरच्यांनी रुग्णावरचा विश्वास काढून घेतला, तर तो दुहेरी एकाकी होतो.

खर्चाचा प्रश्न

निदानासाठी लागणारा पैसा ही कुटुंबाची सर्वांत मोठी विवंचना असते. शस्त्रक्रियेसाठी मदत मागता येते; ‘अजून काय झाले ते कळलेले नाही’ यासाठी मदत मागणे अवघड वाटते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या आदेशानुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. जनावर विकण्यापूर्वी किंवा दागिने गहाण टाकण्यापूर्वी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना अवश्य भेटावे.

देणगीदारांना नम्रपणे सांगावेसे वाटते की, आपल्या साहाय्यातून होणारी रक्ततपासणी किंवा डॉक्टरांनी एखाद्या रुग्णासाठी काढलेला अर्धा तास डोळ्यांत भरत नाही. त्याच्या नावाची कोनशिलाही बसत नाही. तथापि पुष्कळदा उपचारांची सुरुवात तेथूनच होते.

सर्वच रुग्णांना उत्तर मिळते, असे आम्ही म्हणणार नाही. काहींच्या बाबतीत वाट पाहावी लागते, पुन्हा पुन्हा तपासावे लागते, तर काहींचा आजार नाव न सांगताच ओसरतो. अशा वेळी “आम्हांला अद्याप कळलेले नाही, पण आम्ही शोध थांबवलेला नाही” असे स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो. त्या गृहस्थांनी पुढे आपल्या गोठ्यातील सर्व जनावरांची तपासणी करून घेतली. गाभडलेल्या जनावराला हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही आणि दूध उकळल्याशिवाय प्यायचे नाही, हे आता ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगतात. डेअरीच्या वहीच्या मागच्या पानांवर ताप लिहिण्याची गरज मात्र त्यांना पुन्हा पडलेली नाही.