सेल कुठे गेले, ते स्कोपने दाखवलं

"सेल लोकल टाकलेत तुम्ही, दुसरं काय!" पुरवठादाराच्या माणसाने हे सगळ्यांसमोर सुनावलं. भिवंडीतल्या औषधांच्या गोदामात तापमानाचे वायफाय सेन्सर आम्ही त्यांच्याकडूनच घेतले होते. सेल दोन वर्षं जातील, हे त्यांनीच लिहून दिलेलं. पँट्रीच्या भिंतीलगतच्या सेन्सरनी मात्र काही आठवड्यांतच मान टाकली. सेल त्यांच्याच यादीतले होते. पावत्या पुढे ठेवल्या, तर म्हणे गोदामात उकाडा असेल. अहो, तिथे एसी रात्रंदिवस चालतो!

या सेन्सरचा मुख्य रेडिओ झोपलेला असतो. एक मिलिवॉटपेक्षाही कमी विजेवर चालणारा छोटा रिसीव्हर तेवढा कान देऊन बसतो आणि हाक आली की मुख्य रेडिओला उठवतो. ही हाक म्हणजे लहर चालू-बंद करून पाठवलेला संदेश. इतक्या कमी विजेत आपली लहर आणि परकी लहर नीट निवडता येत नाही. त्यातून 2.4 गिगाहर्ट्झवर ब्लूटूथ, झिगबी, शेजारच्या गाळ्यांचे राउटर, सगळ्यांचीच गर्दी.

सेलच्या ओळीत एक ओहमचा रेझिस्टर टाकून मी त्यावर ऑसिलोस्कोप लावला. सकाळभर रेघ सपाट. जेवणाच्या सुट्टीत भिंतीपलीकडे कुणीतरी डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला आणि पडद्यावर शंभर मिलिअँपिअरच्या वरचे सुळके उभे राहिले. ओव्हनची 'टिंग' वाजली, रेघ पुन्हा सपाट. पुढचा डबा, पुन्हा सुळके. साधा मायक्रोवेव्ह 50 हर्ट्झच्या विजेबरोबर धडधडतो: सुमारे 10 मिलिसेकंद चालू, 10 बंद. रिसीव्हरला ती हाकच वाटत होती. चित्रं पाठवली, तेव्हा उत्तर आलं, "हा तुमच्या साइटचा प्रश्न आहे, वॉरंटीत बसत नाही." सेलबद्दल जे बोलले, त्यावर चकार शब्द नाही.

म्हणून सांगतो, घेण्याआधी विचारा की हाक कोणत्या सेन्सरसाठी आहे, तो पत्ता छोटा रिसीव्हर स्वतः तपासतो की त्यासाठी मुख्य रेडिओ उठवतो. आमच्यात दुसरा प्रकार होता, सेल तिथेच गेले. 2021 सालच्या 802.11बीए मानकात हाकेतच पत्ता असतो, आणि आधी 20 मेगाहर्ट्झचा नेहमीचा वायफाय इशारा जातो, म्हणजे आसपासचे राउटर थांबतात. ओव्हन आणि ब्लूटूथला तो इशारा कळत नाही. कुणी मानकाचं नाव फेकलं तरी चाचणी आपल्याच जागेत, गजबजलेल्या वेळी मागा. मल्टिमीटरवर विसंबू नका, क्षणभराचा सुळका त्यात दिसत नाही. बोलणं सगळं लेखी ठेवा.

उलटाही धोका आहे: गर्दीत खरी हाक हरवते. औषधांच्या बाबतीत ते परवडणारं नाही. आम्ही सेन्सर आता ठरल्या वेळी स्वतःच्या घड्याळावर उठवतो, पँट्रीजवळचे पलीकडच्या भिंतीला हलवलेत, आणि बदली सेलच्या पैशांसाठी पुरवठादाराकडे तगादा चालूच आहे.