मुलाची व्यथा एकदाच, पण नीट ऐकावी

शिरूर-दौंड परिसरात ऊसतोडीच्या फडांवर, गुऱ्हाळांवर आणि रांजणगावच्या कारखान्यांत राबणारे कित्येक पालक आपली मुले निवासी शाळांच्या स्वाधीन करतात. त्या विश्वासापोटी आम्ही येथे एका अवघड विषयाला हात घालीत आहोत.

अत्याचार झालेल्या मुलाला शिक्षक, गृहपाल, पोलीस व डॉक्टर यांनी वेगवेगळे, पुन्हा पुन्हा विचारले, तर त्याची जखम दर वेळी नव्याने उघडते. म्हणूनच १९८५ मध्ये अमेरिकेतील हंट्सविल येथे या सर्वांना एकत्र आणणारे केंद्र उभे राहिले. आपल्याकडे २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकाचे काम ठरवून दिले आहे. पोलिसांनी गणवेशाविना, मुलाच्या घरी अथवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी जबाब नोंदवावा. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने करावी. २४ तासांत बालकल्याण समितीला कळवावे.

मग शाळेचे काम कोणते? मुलाचे म्हणणे शांतपणे ऐकणे, त्याला धीर देणे आणि तत्काळ पोलिसांना कळवणे. घरातल्या घरात चौकशी करून प्रकरण मिटवणे नव्हे. हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखास १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावा. संस्थेचे नाव मुलाहून मोठे नाही, हे आपण सर्वांनी मनाशी पक्के धरावे.