पोचपावती

पत्र पेटीत पडले म्हणजे पोहोचले असे नव्हे, हे तुम्ही जाणताच. संगणकाच्या अंतरंगातही हाच न्याय चालतो.

पडद्यावर चित्र उमटविणारे ग्राफिक्स कार्ड आणि संगणकाचा प्रोसेसर यांना जोडणाऱ्या मार्गास 'बस' म्हणतात. मूळ लॅटिन शब्द 'ऑम्निबस', म्हणजे 'सर्वांसाठी'. १९९२ साली इंटेल कंपनीने पुढे आणलेली पीसीआय ही ३२ बिटांची बस सेकंदास फार तर सुमारे १३ कोटी ३० लक्ष बाइट वाहून नेई. पुढे पीसीआय एक्सप्रेसने तिची जागा घेतली. या मार्गाने कार्डास आज्ञा देणाऱ्या प्रोग्रॅमला 'ड्रायव्हर' म्हणतात.

आता एक दोष पाहू. ड्रायव्हरने कार्डास 'थांब' अशी आज्ञा लिहिली, दहा मायक्रोसेकंद वाट पाहिली आणि मग 'नव्याने आरंभ कर' असे लिहिले. तरीही पडदा कधी उजळतो, कधी काळाच राहतो. शोध घेणारा प्रत्येक टप्प्याची नोंद छापून पाहू लागला, तो दोषच नाहीसा! नोंदी काढल्या की दोष पुन्हा हजर. याचा अर्थ काय? नोंद छापण्यास वेळ लागतो. तेव्हा चूक आज्ञांच्या शब्दांत नसून वेळेत आहे.

वाटेवरील 'ब्रिज' नावाचा घटक लिहिलेल्या आज्ञा स्वतःजवळ ठेवून घेतो व सवडीने पुढे धाडतो. ड्रायव्हर वाट पाहत असता पहिली आज्ञा ब्रिजपाशीच अडलेली होती. मग दोन्ही आज्ञा पाठोपाठ पोहोचल्या व कार्डास थांबण्यास अवधीच मिळाला नाही.

उपाय सोपा आहे. आज्ञा लिहिल्यावर कार्डातील एखादी नोंद वाचावी. वाचनाची मागणी आधीच्या लेखनास ओलांडून पुढे जाऊ शकत नाही, असा बसचा नियम आहे. म्हणून उत्तर आले की आज्ञा पोहोचल्याची पावती मिळाली. दहा मायक्रोसेकंद मोजावयाचे ते तेथून. मात्र उत्तरात ३२ही बिट एकच आले, तर कार्ड मुळी उत्तरच देत नसावे, अशी शंका घ्यावी.

हे वाचताना आम्हांस आमचाच वर्ग आठवला. धडा संपवून आम्ही 'समजले ना?' असे विचारतो आणि सारा वर्ग एका सुरात 'होय' म्हणतो. घरी कोंकणी बोलून शाळेत मराठी शिकताना आम्हीही असेच 'होय' म्हणत असू, आणि अर्थ मात्र वाटेतच राही. तो 'होय' म्हणजे पोचपावती नव्हे. धडा आपल्या शब्दांत परत सांगता आला, तरच तो पोहोचला. म्हणून यापुढे आम्ही तुम्हांस पुन्हा विचारू. तो अविश्वास समजू नका.