पालखीच्या वाटेवरील लिंबोळी

पालखीमार्ग रुंद झाला, पण त्या कामात जुनी झाडे गेली. दिंडीने सावलीला बसावे कुठे? ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते, त्याच दिवसांत लिंबोळी पिकते. झाडाखाली पडलेली ताजी, पिवळी तेवढीच वेचावी; हिरवी ओरबाडू नये. गर चोळून धुवावा, बी सावलीत सुकवून कापडी पिशवीत ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत ते घामेजते नि कुजते. बाभळीचे टणक बी वर्षभरही टिकते हो, लिंबाचे मात्र थोड्या आठवड्यांत निर्जीव होते. जांभळाला तेवढाही धीर नाही. ते सुकवूच नये. मग बी घरी नेऊन कार्तिकीपर्यंत देव्हाऱ्यात ठेवण्यात कसले पुण्य? मुक्कामाच्या गावी, ग्रामस्थांना विचारून, गुरांपासून राखता येईल अशा जागी आषाढाच्या ओलीवर टोकावे.