पोहतांना पायांचा ठेका

मुक्तशैलींत हातांचें काम कोणासही दिसतें; पायांचें काम पाण्याखालीं चालतें, म्हणून त्याचा विचार थोडाच होतो. पूर्णेकांठच्या सिद्धेश्वर परिसरांत पाठीला भोपळा बांधून विहिरींत पोहावयास शिकलेल्या मुलास बहुधा असें वाटतें कीं, पाय जितके जोरानें आपटावे तितकें पुढें जातां येतें. विहिरींत हा समज खपून जातो. धरणाच्या जलाशयांत तो खपत नाहीं. तेथें हाताशीं कांठ नसतो, आणि दम सरला म्हणजे बळकट बाहूही निरुपयोगी होतात.

वस्तुतः ह्या शैलींत पुढें नेण्याचें बहुतेक काम हातच करितात. पाय शरीर आडवें राखतात, कुशीवर वळणें सांवरतात आणि वेगांत थोडी भर घालतात. मांडीचे स्नायू मोठे, म्हणून त्यांस प्राणवायूही फार लागतो. ह्याचें उत्तम प्रत्यंतर पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर ह्यांचें. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून त्यांचें कमरेखालील अंग लुळें पडलें. तरीहि १९७२ सालीं हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेंत त्यांनीं ५० मीटर मुक्तशैली ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळविलें.

मग पाय किती वेळां मारावे? दोन्ही हातांचें एक आवर्तन पुरें होईतों दोन, चार किंवा सहा आघात करण्याची चाल आहे. सहांचा ठेका तबल्याच्या दादऱ्याप्रमाणें समजावा: एक हात पाण्यांत शिरतांना सम, दुसरा शिरतांना चौथी मात्रा. ५० व १०० मीटरच्या शर्यतींत हाच चालतो. तेथें दम साठवून ठेवण्यास अवसर नाहीं. दोहोंचा ठेका चालण्यासारखा आहे. चालतांना उजव्या हाताबरोबर डावा पाय पुढें येतो, तसा येथें उजवा हात पाण्यांत शिरतांच डावा पाय खालीं मारावयाचा. लांब पल्ल्याचे पुष्कळ जलतरणपटू हा पत्करतात. चारांचा ठेका ह्या दोहोंच्या मधला. माझ्या मतें नवशिक्यानें त्याच्या नादीं लागूं नये, कारण त्यांत दोन्ही बाजू सारख्या पडत नाहींत आणि मोजणी चुकते.

ज्यास दोहोंचा ठेका धरल्यावर कंबर खालीं जाते असें आढळेल, त्यानें आधीं मान सांवरावी. डोकें वर काढून पोहण्याची गांवाकडील संवय हेंच त्याचें बहुधा कारण असतें. पाय बिचारे फुकट दोषी ठरतात.

निवड करण्यास एक सोपी परीक्षा आहे. जाणत्या मनुष्याच्या देखरेखीखालीं, उथळ तलावांत, २०० मीटर अंतर एकदां दोहोंच्या व पूर्ण विश्रांतीनंतर एकदां सहांच्या ठेक्यानें पोहावें. प्रत्येक खेपेस लागलेला वेळ आणि थांबतांच मोजलेली मिनिटाची नाडी पालकांनीं लिहून ठेवावी. वेळ जवळजवळ सारखा व नाडी कमी, तो ठेका त्या मुलास लांब अंतराकरितां योग्य. मात्र ही परीक्षा महिनाभराच्या सरावानंतर घ्यावी. नवा ठेका पहिल्या आठवड्यांत सर्वांसच जड जातो. दोन्ही वेळां आघात मांडीच्या मुळापासून व्हावा, गुडघा किंचित् वांकावा आणि घोटा ओल्या फडक्यासारखा सैल असावा. ताठ घोट्यानें सहा मारले काय नि दोन मारले काय, पाणी मागें न जातां नुसतें उडतें.